एशिया (६७): एका लघुग्रहाच्या परिवलनाच्या प्रकल्प नोंदी

२० डिसेंबर

या हिवाळ्याचा लघुग्रह ठरला. क्रमांक ६७, नाव एशिया. स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला त्याला किती वेळ लागतो ते जुन्नर तालुक्यातल्या आपल्या गच्चीवरून, आपल्या आठ इंची दुर्बिणीतून मोजायचं. छापील आकडा १५.८५ तास. तो आधीच माहीत आहे म्हणून मोजण्यात अर्थ नाही, असं मला वाटत नाही. आपल्या फोटोंमधून आकडा बाहेर पडतो तेव्हा तो आपल्याला कळलेला असतो. तोवर तो फक्त वाचलेला असतो.

एशियाच का? १७ एप्रिल १८६१ रोजी नॉर्मन पॉगसन याने मद्रासच्या वेधशाळेतून तो शोधला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिला लघुग्रह, म्हणून नाव एशिया. (ग्रीक पुराणात त्या नावाची एक जलदेवताही आहे, म्हणजे त्या काळच्या नाव ठेवण्याच्या रीतीलाही धरून झालं.) पॉगसन त्याच वर्षी सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून मद्रासला आला होता. सामान नीट लागलं नसेल तोवर त्याने नवा लघुग्रह धरला.

पण माझं खरं कारण दुसरं आहे. मद्रासला येण्याआधी, १८५६ साली ऑक्सफर्डला असताना, याच पॉगसनने ताऱ्यांच्या प्रतीला, म्हणजे तेजाच्या मापाला, गणिती बैठक दिली. पहिली प्रत, दुसरी प्रत ही प्राचीन ग्रीकांपासून चालत आलेली नजरेची प्रतवारी होती. पॉगसनने सुचवलं, की पाच प्रतींचा फरक म्हणजे उजेडात बरोबर शंभर पट फरक धरू. मग एका प्रतीचा फरक म्हणजे शंभराचं पाचवं मूळ, २.५१२ पट. आजही जगभर हेच माप चालतं. म्हणजे एशिया शोधला त्याने, आणि एशियाचा उजेड आम्ही ज्या मापाने मोजणार तेही त्याचंच. अशी जोडी दुसऱ्या कुठल्या लघुग्रहाबाबत मिळणार?

२८ डिसेंबर

आज कक्षेचा हिशेब हाताने केला. भाचा शेजारी बसला होता, अकरावीत आहे, त्याच्याकडूनच करून घेतला.

सूर्यापासून सरासरी अंतर २.४२१ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर). केप्लरचा तिसरा नियम लावायचा: अंतराचा घन, मग त्याचं वर्गमूळ. २.४२१ चा घन १४.१९, त्याचं वर्गमूळ ३.७७. म्हणजे एशियाचं वर्ष आपल्या पावणेचार वर्षांहून किंचित मोठं. पोराने छापील आकड्याशी ताडून पाहिलं आणि एकदम सरळ होऊन बसला.

कक्षा बरीच लंबगोल आहे, उत्केंद्रता सुमारे ०.१८५. त्यामुळे उपसूर्य बिंदूला तो सूर्यापासून १.९७ एककांवर येतो आणि अपसूर्य बिंदूला २.८७ पर्यंत जातो. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी कल ६ अंशांचा. जागा म्हणाल तर मुख्य पट्ट्याच्या आतल्या भागात, २.५० एककांवरच्या किर्कवुडच्या फटीच्या अलीकडे. त्या फटीत राहणाऱ्याच्या तीन फेऱ्या गुरूच्या एका फेरीबरोबर पूर्ण होतात, गुरूचा हिसका दर वेळी ठरल्या जागी बसतो आणि कालांतराने तो तिथून उधळला जातो. एशिया थोडक्यात बचावलेल्या भागात आहे.

यंदाची प्रतियुती (पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला) जानेवारीच्या अखेरीस, आणि ती पडते आहे अपसूर्य बिंदूच्या आसपास. म्हणजे लांबची प्रतियुती. अंतर पृथ्वीपासून सुमारे १.८७ एकक, २८ कोटी किलोमीटर. तिथला उजेड आपल्यापर्यंत यायला साडेपंधरा मिनिटं. प्रत १२ च्या जवळपास. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या शेवटच्या ताऱ्यांपेक्षा अडीचशे पट मंद. आठ इंची दुर्बीण आणि कॅमेऱ्याला मात्र हे जड नाही.

ठिकाण आश्लेषा नक्षत्राच्या जवळ. गच्चीवरून पूर्वेला मोकळं आहे, साडेनऊपर्यंत तो चांगला वर आलेला असेल.

७ जानेवारी

कामानिमित्त चेन्नईला आलो होतो. अर्धा दिवस हाताशी होता. नुंगमबाक्कमला हवामान खात्याच्या आवारात परवानगी काढून गेलो.

वेधशाळा आता तिथे नाही. १८९९ मध्ये कारभार कोडाईकनालला हलला. पण १७९२ चा तो ग्रॅनाइटचा खांब उभा आहे. सुमारे पंधरा फूट उंच, दहा टन वजनाचा अखंड दगड, वेधशाळा उभारणाऱ्या मायकेल टॉपिंगचं नाव त्याच्यावर कोरलेलं. याच्यावर वेधाची दुर्बीण बसवायचे, म्हणजे मजला हलला तरी दुर्बीण हलू नये. मी हात लावून पाहिला. भर दुपारी उन्हाच्या बाजूला तापलेला, मागच्या बाजूला गार. आमच्या गच्चीवर तिपाईखाली मी फरशीचे तीन तुकडे ठेवतो, त्यामागचा विचार हाच.

खांबावर लॅटिन आणि इंग्रजीबरोबर तमिळ, तेलुगू मजकूरही आहे. त्याचा आशय असा, की ब्रिटिशांच्या औदार्याने आशियात गणिती शास्त्रांचं रोप पहिल्यांदा केव्हा लागलं ते हजार वर्षांनंतरच्या लोकांना कळावं. हे वाचून मला राग आला, आणि तो इथे लिहून ठेवतो. आमच्या महाराष्ट्रात चाळीसगावजवळ पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची ती नोंद, काही ओळी जुन्या मराठीत. रोप लागलेलं होतं. टॉपिंगच्या खांबाआधी जवळजवळ सहाशे वर्षं.

तरी त्या आवारात झालेलं काम खोटं ठरत नाही. पॉगसनने तिथे तीस वर्षं काढली, १८९१ मध्ये मद्रासलाच वारला. त्याच्या नावावरच्या आठ लघुग्रहांपैकी तीन ऑक्सफर्डच्या काळातले, पाच मद्रासचे. त्याचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी तिथेच १८६७ मध्ये एक बदलणारा तारा शोधला. एशिया सापडला तेव्हा फोटो नव्हता. आकाशाचा तुकडा नकाशावर तारा ताऱ्याला लावून बघायचा आणि नकाशात नसलेला ठिपका दिसला की दुसऱ्या रात्री तो सरकला का ते पाहायचं. मद्रासच्या दमट हवेत, डोळा दुर्बिणीला लावून. आदर वाटतो.

१६ जानेवारी

पहिली रात्र. अमावस्या दोन दिवसांवर, आकाश धुतल्यासारखं.

संध्याकाळी मावळतीच्या उजेडात फ्लॅट काढले. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा पंचा चौपदरी ताणून बांधतो, उजेड सगळीकडे सारखा पसरतो. फ्लॅट म्हणजे आपल्याच कॅमेऱ्यातल्या धुळीचा आणि कडेच्या अंधाराचा फोटो. नंतर प्रत्येक फोटोला त्याने भागायचं.

साडेनऊला सुरुवात, नव्वद सेकंदांचा एकेक फोटो. पहिला आणि तासाभरानंतरचा फोटो आलटून पालटून पडद्यावर लावले. सगळे तारे गप्प, एकच ठिपका टुणकन उडी मारतो. भाच्याला मी काही सांगितलं नव्हतं. त्याने बोट ठेवलं, "मामा, हा." तासाला सुमारे ३७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग) सरकतो आहे, म्हणजे दिवसाला चंद्राच्या अर्ध्या रुंदीएवढा. पश्चिमेकडे. खरं तर तोही पुढेच चालला आहे, पण आपली पृथ्वी सेकंदाला जवळपास १४ किलोमीटरने त्याच्या पुढे निघते आहे, म्हणून तो मागे पडताना दिसतो. एसटीतून मागे टाकलेल्या बैलगाडीसारखा.

अडीचला थांबलो. १७० फोटो.

१७ जानेवारी

कालचा प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार उजेडाचा आलेख, काढला. शेजारचे पाच तारे तुलनेला घेतले, त्यांच्या प्रती गाया उपग्रहाच्या यादीतून. रात्रभरात एशिया हळूहळू मंद होत गेला आणि मग दीडच्या पुढे एकदम ०.०५ प्रतीने उजळला.

एकदम. एखाद्या दगडाची बाजू बदलली तर उजेड असा पायरी चढल्यासारखा वाढत नाही. तासभर डोकं लावलं. शेवटी वेळ पाहिली: १ वाजून ३५ मिनिटं. तेव्हा एशिया याम्योत्तर वृत्त (आकाशातली उत्तर-दक्षिण मध्यरेषा) ओलांडत होता आणि माउंट, म्हणजे दुर्बिणीची फिरती बैठक, दुर्बीण उलटी फिरवून दुसऱ्या बाजूला घेत होता. फोटो उलटा झाला, एशिया कॅमेऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला, आणि तिथे पंच्याची घडी सारखी नव्हती. चूक माझ्या फ्लॅटची.

आज पंचा इस्त्री करून बांधला. दुर्बीण उलटण्याआधीचे आणि नंतरचे तुलनातारे वेगवेगळे जोडले. पायरी गेली. कालचेही फोटो नव्या फ्लॅटने पुन्हा भागून घेतले.

१८ जानेवारी

कालचा वक्र परवाच्या वक्रासारखा अजिबात नाही. परवा उतरण होती, काल आधी चढ आणि मग सपाटी. आज काय दिसतं ते बघायला मन आतुर आहे.

रात्री ३ वाजता लिहितो आहे. आज पुन्हा परवाचीच उतरण! वेळेत थोडी अलीकडे सरकलेली, पण तीच.

२२ जानेवारी

सहा रात्री झाल्या. सूत्र स्पष्ट आहे: आज एक, उद्या दुसरं, परवा पुन्हा आजचंच, पण साधारण २६ मिनिटं लवकर. म्हणजे वक्र ४७.५६ तासांनी तंतोतंत परत येतो.

आता गंमत बघा. ४७.५६ तासांत गिरक्या किती झाल्या हे आमच्या गच्चीवरून कळत नाही. एक झाली असेल तर परिवलनकाळ ४७.५६ तास. दोन किंवा चार झाल्या असत्या तर प्रत्येक रात्री तेच दिसलं असतं. तसं दिसत नाही, ते बाद. तीन असतील तर १५.८५. पाच असतील तर ९.५१. तिन्ही उत्तरं आमच्या फोटोंशी जुळतात.

दोष एशियाचा नाही, आपल्या दिवसाचा आहे. त्याची गिरकी जवळजवळ १६ तासांची, आपली २४ ची. तीन आणि दोन असं प्रमाण जुळून बसलं आहे. एका गावातून रोज एकाच वेळी पाहिलं की त्याचे त्याच त्याच दोन बाजूंचे तुकडे समोर येतात. एशियाच्या गिरकीचं घड्याळ १५.८५ तासांचं धरलं, तर आमची एक रात्र ० ते ५ तास दाखवते आणि दुसरी ८.१५ ते १३.१५. मधला ५ ते ८.१५ आणि शेवटचा १३.१५ ते १५.८५ हा भाग आमच्या वाट्याला येतच नाही. दर दोन दिवसांनी २६ मिनिटं पुढे सरकत हळूहळू भरेल, पण त्याला पंधरवडा लागेल, आणि १ फेब्रुवारीला पौर्णिमा आहे, चंद्र एशियाच्या अगदी शेजारी असणार.

पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला कोणीतरी हवं. बहिणीची थोरली मुलगी अ‍ॅरिझोनात टक्सनजवळ राहते, तिच्या परसात सहा इंची दुर्बीण आहे. फोन लावला. तिथे सकाळ होती.

"मामा, तुझ्या घड्याळाने आमची रात्र किती वाजता सुरू होते?" तिने लगेच विचारलं. रेखांशातला फरक १८५ अंश, म्हणजे १२.३ तास. तिनेच मांडणी केली: तिची पहिली रात्र गिरकीच्या १२.३ तासांपासून पुढच्या गिरकीच्या दीड तासापर्यंत. दुसरी रात्र ४.६ ते ९.६. आमची दोन्ही भोकं बरोबर भरतात! मग म्हणाली, "आणि हे फक्त १५.८५ खरं असेल तरच भरतात ना? मग तीच परीक्षा."

बरोबर आहे तिचं. गिरकी १५.८५ ची असेल तर तिच्या पहिल्या रात्रीची सुरुवात आमच्या दुसऱ्या रात्रीच्या शेवटच्या पाऊण तासाशी जुळायला हवी. गिरकी ९.५१ ची असेल तर तीच सुरुवात आमच्या पहिल्या रात्रीच्या मध्याशी, म्हणजे उतरणीशी जुळेल. आणि ४७.५६ ची असेल तर आमच्या दोन्ही रात्रींशी तिचा काही संबंधच नसेल. मोजण्याआधीच काय दिसलं तर काय मानायचं हे लिहून ठेवलं. ही नोंद तिलाही पाठवली.

२७ जानेवारी

तिच्या तीन रात्रींचे आकडे आले. तिचा कॅमेरा वेगळा, फिल्टर वेगळा, म्हणून दोघांनी तुलनेला सूर्यासारख्या रंगाचेच तारे निवडले, दोन्हींमधला ०.०२ चा फरक त्यांच्यावरूनच काढून टाकला. अंतराची दुरुस्तीही केली, कारण प्रतियुतीकडे जाताना एशिया रोज थोडा जवळ येतो आहे.

तिच्या पहिल्या रात्रीची सुरुवात: सपाटी. उतरण नाही. आमच्या दुसऱ्या रात्रीच्या शेवटावर अलगद बसली. दुसरी रात्र ४.६ ला आमच्या उतरणीच्या टोकाला धरते, तळ गाठते, आणि ८.१५ ला आमच्या चढाला येऊन मिळते.

तळ आम्ही कधी पाहिलाच नव्हता. एशियाचा सर्वांत मंद चेहरा तिने पाहिला तेव्हा आमच्या गच्चीवर दिवस होता, ऊन होतं.

९.५१ बाद. ४७.५६ बाद. फोनवर तिकडे ती आणि इकडे आम्ही दोघं, तिघंही एकाच वेळी बोलत होतो.

३ फेब्रुवारी

चांदणं आहे. दुर्बीण झाकलेली, वाचन चालू.

एशियाचा व्यास साधारण ६० किलोमीटर. पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत एवढा दगड. २८ कोटी किलोमीटरवरून तो एका विकलेच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान दिसतो. कितीही मोठं केलं तरी आमच्या दुर्बिणीत ठिपकाच. एस वर्गातला, म्हणजे सिलिकेटी खडकांचा. पडलेल्या उजेडाचा साधारण पाचवा हिस्सा किंवा जरा जास्त परत फेकतो. कोळशासारख्या काळ्या सी वर्गापेक्षा बराच उजळ.

आमच्या वक्राची उंची ०.२ प्रत. पॉगसनच्या मापाने उलटा हिशेब: २.५१२ चा ०.२ घात, १.२०. म्हणजे सर्वांत उजळ चेहरा सर्वांत मंद चेहऱ्यापेक्षा २० टक्के जास्त उजेड देतो. फक्त आकारामुळे हे होत असेल तर आपल्याला दिसणारा एक चेहरा दुसऱ्यापेक्षा वीस टक्के मोठा आहे. बटाटा म्हणावा असा, पण फार लांबुडका नाही. १८५६ मध्ये सुचवलेल्या मापाने आज त्या ठिपक्याला आकार येतो आहे.

भाचीने आज पॉगसनच्या मुलीबद्दल लिहून पाठवलं. एलिझाबेथ आयसिस पॉगसन. बापाने १८५६ मध्ये शोधलेल्या ४२ क्रमांकाच्या लघुग्रहाचं नावही आयसिस. ही मुलगी १८७३ पासून मद्रासच्या वेधशाळेत गणक म्हणून काम करत होती. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीसाठी तिचं नाव १८८६ मध्ये सुचवलं गेलं, बाई म्हणून मागे घ्यावं लागलं. निवड झाली ती १९२० मध्ये. चौतीस वर्षांनी. भाचीने खाली एवढंच लिहिलं होतं: "आपल्या अहवालात हिचं नाव यायला हवं, मामा." येईल.

१२ फेब्रुवारी

चंद्र आता पहाटे उगवतो. दुसरी फेरी सुरू.

आज शेतीची लाईट रात्रीची होती. साडेअकराला दादा उसाला पाणी द्यायला निघाले, डोक्याला बॅटरी. जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या असतो, त्यामुळे बॅटरी बंद ठेवा असं मी म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही. ते बांधावरून जाताना उजेडाचा पट्टा तीनदा गच्चीवरून गेला. ते तीन फोटो काढून टाकले, वेळेसह नोंद केली. पावणेएकला कुत्री एकदम भुंकायला लागली आणि मग एकदम गप्प झाली. मी गच्चीवरून हाक मारली. "आहे, आहे," असा आवाज आल्यावर परत खुर्चीत बसलो. त्या दहा मिनिटांत फोटो आपोआप निघत होते, सगळे चांगले आले.

२० फेब्रुवारी

दोन्ही गच्च्यांचे (तिचं परस खरं तर) मिळून अकराशेच्या वर फोटो, पस्तीस दिवसांचा पल्ला. सगळे एका गिरकीत दुमडले. पल्ला लांब असला की काळ बारीक निघतो, कारण तेवढ्यात पन्नासहून जास्त गिरक्या होतात आणि एका गिरकीतली छोटी चूक पन्नास पट होऊन डोळ्यांत भरते. उत्तर: १५.८५ तास, कमीजास्त ०.०१. भाच्याने पेन्सिलने वहीत लिहिलं आणि खाली तारीख घातली.

वक्रात ११ तासांच्या आसपास एक लहानसा खळगा आहे, जेमतेम ०.०२. तो दोन्हीकडच्या रात्रींत येतो, त्यामुळे पंच्याची घडी नव्हे. खळगा म्हणजे विवर, असं म्हणायची घाई मी करणार नाही. दुसऱ्या कोनातून पाहिल्याशिवाय ते कळणार नाही.

दुसरा कोन मिळेल पुढच्या प्रतियुतीला, साधारण सोळा महिन्यांनी, पुढच्या वर्षी मे-जूनच्या सुमारास. तेव्हा एशिया अनुराधा-ज्येष्ठांच्या उत्तरेला असेल, सूर्याच्या आणि आपल्याही बराच जवळ, आत्तापेक्षा साधारण चौपट उजळ. आमच्याकडे तेव्हा वळवाचे ढग आणि मग पाऊस. टक्सनला मात्र जुलै लागेपर्यंत आकाश कोरडं असतं. भाचीला कळवलं, की पुढची फेरी तिच्या हातात, आम्ही जमतील तेवढ्या रात्री भोकं भरू. तिचा निरोप आला: फ्लॅटसाठी पंचा पाठवून दे.

उद्या टपालात टाकतो. नवा, न धुतलेला नको. दोनदा धुवून, इस्त्री करून.